तिसऱ्या गिअरमधली शिट्टी

“आवाज गाडीत नाहीये, मॅडम,” सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला आणि त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. वाईट बोलला नव्हता तो. उलट फारच गोड बोलला. गाडी संगणकाला जोडून बघितली होती, एकही दोष दिसला नव्हता. तेल बदललं, तेलाचा फिल्टर बदलला, ब्रेक तपासले, चाकांत हवा भरली, वर काचा पुसून दिल्या. “टर्बो आहे ना, थोडी शिट्टी वाजणारच,” असं तो आधी म्हणाला होता. त्यावर तिने सांगितलं की ती शिट्टी मला माहीत आहे, गाडी घेतल्यापासून ऐकतेय, ही तिच्यावर बसलेली दुसरी आहे, बारीक, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला की येते आणि पाय उचलला की जाते. तो मान हलवत राहिला. त्या मान हलवण्याकडे ती बघतच राहिली, कारण ते तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिच्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवा झालेला पेशंट भेदरून काहीबाही सांगायला लागला, की ती स्वतः अशीच मान हलवायची. ऐकतोय असंही वाटतं आणि ऐकायची गरजही उरत नाही. मग त्याने ते वाक्य टाकलं. तिने ‘बरं’ म्हटलं, आभार मानले, समोर उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडून आत बसली, दार लावून घेतलं, आणि तेव्हा कुठे ते वाक्य तिला लागलं. आवाज गाडीत नाही. मग तो आहे कुठे?

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तोंडावर कोणी बोलत नव्हतं. महिन्यापूर्वी ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली होती. ते तिच्याच वर्गातले, कॉलेजपासूनचे. त्यांनी तिला काचेच्या पेटीत बसवलं, कानांवर जाड झाकणं चढवली आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. त्या पेटीत बसून वाट बघताना तिला प्रथमच कळलं की शांतता म्हणून जी असते, ती तिच्याकडे राहिलेलीच नाही. कुठलाही आवाज सोडलेला नसताना उजवीकडे काहीतरी बारीक वाजतच होतं. “उजव्या कानाचे वरचे सूर गेलेत,” डॉक्टर म्हणाले. “तुमचं ते दात कोरायचं यंत्र. आयुष्यभर कानाशी धरलंत. दात पेशंटचे आणि कान तुमचे. शिट्टीसारखं वाजतं ना आत?” ती हो म्हणाली. वाजतच होतं, खोटं कशाला बोलायचं? पण त्या एका ‘हो’मध्ये ती अडकली. घरी आल्यावर तिने तेच सांगितलं, आणि त्या दिवसापासून घरातली प्रत्येक शिट्टी तिच्या नावावर जमा होऊ लागली. स्वयंपाकघरातून तिने विचारलं, “अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?” तर बाहेरून नवरा म्हणायचा, “तुझी धरून चार.” तिलाही हसू यायचं. विनोद चांगला होता, हीच तर पंचाईत होती. चांगल्या विनोदाशी भांडता येत नाही.

गेल्या रविवारी जेवायला दीर आले होते. दीर म्हणजे बोलण्यात कोणाला हार न जाणारा माणूस. ज्या विषयातलं कळत नाही त्यात तर विशेषच रंगतात. परत जाताना तिने त्यांना चौकापर्यंत सोडलं, वाटेतल्या उड्डाणपुलाच्या चढावर शिट्टी वाजली आणि ती म्हणाली, “ऐकलंत भाऊजी?” “काय?” “शिट्टी.” त्यांनी कान टवकारले, खिडकी खाली केली, वर केली, आणि मग अतिशय मऊ आवाजात म्हणाले, “वहिनी, गाडी विकून टाका आता. एखादी आपोआप गिअर पडणारी घ्या, शांत, बसलं की डोळा लागेल अशी. ही पोरासोरांची गाडी. माझ्या ऑफिसात एकजण केव्हाचा मागे लागलाय असल्या गाडीसाठी.” त्या मऊपणानेच ती खचली. थट्टा केली असती तर तिने त्यांना तिथेच खाली उतरवलं असतं. ती म्हणाली, “बरं, आणा त्यांना.” ज्या बाईला आवाज कुठून येतो हेच कळत नाही तिने वेगाची गाडी चालवू नये, असं जगात कोणी तिला म्हणालं नव्हतं, ते तिचं तीच म्हणाली होती. तो ऑफिसातला माणूस उद्या सकाळी गाडी न्यायला येणार होता. दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू धडधाकट द्यावी म्हणून तिने आज शेवटची सर्व्हिसिंग करून घेतली होती. निदान असं तिने घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे कोणीतरी, निदान पैसे घेणाऱ्या परक्या माणसाने तरी, ‘हो, आहे बुवा आवाज’ असं म्हणावं म्हणून ती गेली होती.

ती घराकडे निघाली. दुपारचा रस्ता मोकळा होता. गाडी छोटीशी, मागे झटक्यात संपणारी, बाहेरून बघितलं तर भाजी आणायला नेतात तसली. पण पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, जणू गाडी श्वास घेते, आणि मग मागून कोणीतरी पाठीला दोन्ही हात लावून ढकलतं. त्या क्षणभराच्या थांबण्यावर तिचा जीव होता. पन्नाशीला तिने स्वतःला ही गाडी घेऊन दिली तेव्हा घरात सगळ्यांच्या भुवया कपाळावर गेल्या होत्या. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, तुला शर्यतीत जायचंय का?” तिला कुठेच जायचं नव्हतं. दवाखाना घरासमोरच, रस्त्यापलीकडे; रोज काम संपलं की नुसती एक फेरी, त्या उड्डाणपुलावरून. पण त्या पुलासाठी ती गाडीचं सगळं दुसऱ्याच्या हाती न देता स्वतः करायची: शनिवारी दवाखान्यातल्या कापसाच्या पट्टीने तेलाची पट्टी पुसून पातळी बघायची, हवेचा फिल्टर स्वतः काढून झटकायची, पेट्रोल चांगल्यातलंच भरायची, आणि पूल चढून आल्यावर गाडी लगेच कधी बंद करायची नाही. तापलेला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा तो पंखा, तेल मिळाल्याशिवाय झोपवायचा नसतो. ती किल्लीवर हात ठेवून स्वस्थ बसून राहायची आणि शेजारी नवरा म्हणायचा, “झाली का हिची झोपायची तयारी?” दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून राहणाऱ्या बाईला दिवसातून एकदा असं ताठ बसायला मिळायचं. एवढंच होतं ते, आणि उद्या सकाळी ते जाणार होतं.

पूल जवळ आला तशी तिने गाडी हळू केली. वरून जावं की खालून? खालून गेलं तर प्रश्नच नाही. तिला आई आठवली. आई आठवायचं काही कारण नव्हतं, पण अशा वेळी आई न विचारता येऊन बसते. जुन्या घरी, कपाटामागच्या भिंतीतून पाणी वाहतंय असं आई म्हणायची. दिवसा नाही, सगळे निजानीज झाल्यावर ऐकू येतं म्हणायची. बाबांनी कान लावला, काकांनी लावला, शेजाऱ्यांना बोलावलं त्यांनीही लावला. कपाट हलवून सगळे पुरुष भिंतीला गाल टेकवून ओळीने उभे होते, आणि कोणाला काही ऐकू आलं नाही. “तुझ्याच डोक्यात पाणी झालंय,” काका म्हणाले. सगळे हसले, ती स्वतःही, शाळेच्या गणवेशात, पोट धरून. आई पदराने हात पुसत म्हणाली, “मला वाटलं असेल.” मग ते वाक्य आईच्या तोंडात बसलं. दाराला कडी राहिली म्हणायची, कोणी ‘लावलीय’ म्हटलं की ‘मला वाटलं असेल’. दूध नासलंय म्हणायची, कोणी ‘चांगलंय की’ म्हटलं की ‘मला वाटलं असेल’. शेवटी पोटात दुखायला लागलं तेव्हा तर तिने कोणी काही म्हणायचीही वाट पाहिली नाही, आधीच म्हणून टाकलं, आणि दवाखान्यात न्यायला फार उशीर झाला. ते घर पुढे सोडलं. भिंतीत पाणी होतं की नव्हतं हे कोणालाच कधी कळलं नाही.

तिने गाडी पुलावर घातली. खिडकी वर, पंखा बंद, गाणी तर ती गाडीत कधीच लावत नसे. तिसरा गिअर. पाय. गाडीने श्वास घेतला, ढकललं, आणि त्या ढकलण्याच्या पाठीवर बसून ती आली: शीऽऽऽ. दातांच्या फटीतून हवा सोडावी तशी. पाय उचलला, गेली. पुन्हा दाबला, आली. मागच्या मोटारवाल्याने भोंगा वाजवला, त्याच्या लेखी पुढे कोणीतरी शिकाऊ बाई हिसके देत चालली होती. तिने त्याला जाऊ दिलं आणि आणखी एकदा दाबला. आली. तिला रडू फुटेल असं वाटलं, कारण इतकं स्वच्छ ऐकू येणारं काही जर खरं नसेल, तर मग खरं काय काय नाही याची यादी कुठून सुरू करायची?

इमारतीखालच्या वाहनतळात, आपल्या खांबाशी, तिने गाडी लावली. सवयीने थोडा वेळ चालू ठेवली. मग किल्ली फिरवली. सगळं थांबलं. आणि त्या थांबलेल्यात तिला आपली शिट्टी ऐकू आली, काचेच्या पेटीतली, उजवीकडची. बारीक, सलग, कशाशीच देणंघेणं नसलेली. पाय दाबा, उचला, तिला काही नाही. तिने पुन्हा किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं, बंद केलं. तिची शिट्टी होती तिथेच, होती तेवढीच. आणि मग, आपल्या तोंडातला एक दात आपल्यालाच नव्याने लागावा तसं, तिच्या ध्यानात आलं की हा आवाज वेगळा आहे. हा जाडीला कमी आहे, वरच्या सुराचा आहे, आणि हा कधी येत नाही की जात नाही, हा असतोच. पुलावरची येते आणि जाते. दोन आहेत! डॉक्टरांनी विचारलं होतं शिट्टी येते का, ती हो म्हणाली होती. दिरांना पुलावरची शिट्टी ऐकू आली नाही, तर तिने तीही त्याच ‘हो’मध्ये धरली होती. आणि महिनाभर ती स्वतः दोन प्रश्नांना एकच उत्तर देत बसली होती. वर डॉक्टर! हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारावं हे तिला कळेना.

बरं, दोन आहेत. एक गाडीत आहे. मग त्या संगणकाला का दिसली नाही? हा प्रश्न मनात आला आणि त्याच्या पाठोपाठ, न बोलावता, एक शिवणकाम करणारी बाई खुर्चीत येऊन बसली. बरीच वर्षं झाली त्याला. ती बाई तीन दवाखाने फिरून आली होती. दुखतं, पण नेहमी नाही. चावताना, तेही कधीकधी. फोटो स्वच्छ, हिरड्या स्वच्छ, दातावर ठोकलं तरी काही नाही. तिघांनी तिला ताण कमी घ्यायला सांगितलं होतं. बाई म्हणाली, “आता तुम्हीही तेच सांगणार असाल तर तेवढं लवकर सांगा, माझं काम खोळंबलंय.” ती बाईच्या त्या बोलण्यावरच खूश झाली होती. तिने एका दातावर कापसाची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, चावा. आता सोडा. पुढचा दात. चावा. सोडा. चौथ्या की पाचव्या दाताला, चावताना नव्हे, सोडताना, बाई खुर्चीतून वीतभर उडाली. दात चिरलेला होता. केसाएवढी चीर, फोटोत न दिसणारी, स्वस्थ बसलेल्या दातात जवळजवळ नसलेलीच. दाब आला की उघडायची, दाब गेला की मिटायची. आणि बाकीच्या सगळ्यांनी त्या बाईला आ करायला लावून, म्हणजे दाताला पूर्ण आराम देऊन, आत डोकावून सांगितलं होतं की काही नाही. आणि तिची गाडी सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कशी बघितली होती? उचलून, उभी करून, आ करायला लावून.

ती गाडीतून उतरली ती जवळजवळ धावतच रस्त्यापलीकडे दवाखान्यात गेली. शनिवारची दुपार, दवाखाना बंद. तिने भिंगांचा चष्मा घेतला, त्यावर बसवायचा दिवा घेतला, तोंडात घालायचा छोटा आरसा घेतला, हातमोजे, कापूस, आणि दात कोरडा ठेवायला तोंडावर ताणतात ती पातळ रबराची पानं, ती हाताला लागली म्हणून घेतली. परत येऊन बॉनेट उघडलं. ऊन ऊन वास आला. इंजिन निवायला हवं होतं, म्हणून तिने आधी हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. सर्व्हिस सेंटरने तो बदलला नव्हता, त्याच्या घड्यांत दोन पतंग आणि एक वाळकं पान होतं. तिने तो झटकला, पुसला, परत बसवला. हात कामाला लागले की तिचं डोकं ताळ्यावर येतं.

तेवढ्यात नवरा खाली आला. दोन हातांत दोन कप चहा. निवृत्तीला टेकलेला संख्याशास्त्राचा प्राध्यापक. अंगात घरचा सदरा, पायात वेगवेगळ्या जोडांच्या चपला. भिंगांचा चष्मा, कपाळावर दिवा, हातमोजे आणि हातात आरसा अशा अवतारात बायको गाडीच्या जबड्यात वाकलेली बघून तो थबकला.

“अक्कलदाढ आलीय का तिला?”

“अहो, तो चहा ठेवा आणि इकडे या. आवाज गाडीत आहे.”

“सर्व्हिस सेंटरवाले काय म्हणाले?”

“ते काय म्हणाले ते मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणता?” ती सरळ झाली. दिव्याचा झोत त्याच्या तोंडावर पडला, तो डोळे मिचकावू लागला, पण तिने दिवा बाजूला केला नाही. “महिनाभर तुम्ही माझी शिट्टी धरून चार म्हणताय. मी हसतेय. आज खरं सांगा. तुम्हाला पुलावर खरंच काही ऐकू येत नाही?”

“नाही गं.”

“म्हणजे तुम्हाला वाटतं की मला वाटतंय.”

त्याने चहाचे कप खांबाच्या कठड्यावर ठेवले. विचार करायला त्याला नेहमीच वेळ लागायचा, लग्नाला होकार द्यायलाही लागला होता. “मला ऐकू येत नाही, एवढंच मला माहीत आहे,” तो म्हणाला. “त्याच्यापुढचं मी धरून चाललो. चुकलंच ते. पण तू स्वतःच गाडी देऊन टाकते म्हणालीस, तेव्हा मला वाटलं तुलाही तसंच वाटतंय.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कोणाला? ती पुन्हा वाकली. टर्बोने दाबलेली हवा जिच्यातून इंजिनाकडे जाते ती जाड काळी रबरी नळी पुढून वळसा घेऊन खाली उतरत होती, दोन्ही टोकांना पट्ट्यांनी आवळलेली. फुटली तर हीच. तिने एका टोकापासून सुरुवात केली. वरून काही नाही. बाजूंनी काही नाही. आरसा खाली घातला, तो आतल्या उबेने धुरकटला, तिने हातमोज्यावर घासून तो पुसला, पुन्हा घातला. खालची बाजू, पट्टीची कड, वळण. रबर गुळगुळीत, धड, निरोगी. ती दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. काही नाही. चहा निवला असेल, असं काहीतरी भलतंच तिच्या मनात आलं. पाठ ठणकत होती. वाहनतळाच्या तोंडाशी कोणीतरी मोटार मागे घेत होतं, त्याची टूं टूं येत होती, तिच्या उजव्या कानातलं वाजत होतं, आणि त्या सगळ्यांच्या खालून आईचं वाक्य वर येत होतं. जिभेवर आलं. नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात दिरांच्या आवाजासारखा मऊ होता. तिचं डोकंच फिरलं.

“पाठ सोडा,” ती म्हणाली. “इथे हात घाला. ही नळी धरा. दोन्ही हातांनी. हं, आता वाकवा, माझ्याकडे. जोर लावा, ती काही रडत नाही.”

त्याने वाकवली. ती आरशात बघत होती. काही नाही. “सोडा. आता जरा पुढे धरा. वाकवा. सोडा.” तिचा आवाज बदलला होता, खुर्चीशेजारचा झाला होता. “आणखी पुढे, पट्टीपाशी. वाकवा.” आणि वळणाच्या पोटाला, पट्टीच्या अगदी कडेला, जिथे आतापर्यंत अखंड काळं रबर होतं, तिथे एक बारीक ओठ उघडला. आत तेलाची ओली चमक. “सोडा,” ती कुजबुजली. ओठ मिटला. जणू तिथे कधी काही नव्हतंच. “वाकवा.” उघडला. “सोडा.” मिटला. “वाकवा! वाकवा! धरून ठेवा!”

“अगं, काय आहे काय?”

“आहे!” ती एवढ्याने ओरडली की मोटार मागे घेणारा थांबला. “चीर आहे! या, तुम्ही बघा.” नवऱ्याला आरशात काही सापडेना. आरसा उजवीकडे न्यायचा तर तो डावीकडे न्यायचा. उलटं बघायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. शेवटी तिने त्याची मान धरून हवी तिथे नेली, नळी स्वतः वाकवली, आणि तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. उठला तेव्हा त्याच्या नाकाला काजळी लागली होती. तो म्हणाला, “फार स्वच्छ चीर आहे.” प्राध्यापक माणूस, त्याच्याकडून याहून मोठी प्रशस्ती नाही. ती हातमोजे घातलेले हात वर धरून, एखादं अवघड काम उरकल्यावर उभी राहते तशी, वाहनतळाच्या मधोमध उभी होती आणि तिच्या मनात आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या. भिंतीला गाल लावून उभे असलेले ते सगळे पुरुष तिला दिसले. आई, तिला वाटलं, तुझ्या भिंतीतही पाणी होतं. असणारच. कोणीतरी भिंत दाबून बघायला हवी होती.

नवी नळी सोमवारशिवाय मिळणार नव्हती. पण सोमवारपर्यंत थांबण्याएवढं थंड रक्त कोणाच्या अंगात होतं? दातात कायमचं भरायच्या आधी तात्पुरतं भरतातच की. तिने चिरेभोवतीचं तेल कापसाने टिपलं, त्यावर रबराची पानं ताणून एकावर एक गुंडाळली, त्यावर नवऱ्याने वरून आणलेली चिकटपट्टी, आणि सगळ्यावर दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचे घट्ट वेढे, गाठ मारून. गाठी बघून नवरा म्हणाला, “याला पुदिन्याचा वास येतोय.” “येऊ दे,” ती म्हणाली, “बसा गाडीत.” त्याने चपलांकडे बघितलं, सदऱ्याकडे बघितलं, आणि बसला.

दोघं पुलाकडे निघाले. तिला आता वेगळीच भीती वाटत होती: चीर तर सापडली, पण शिट्टी त्या चिरेची नसेल तर? दोन आवाज असू शकतात तर तीन का नसावेत? मनाला एकदा शंकेची सवय लागली की ते सुखाच्या ताटातही खडा शोधतं. पूल आला. दुसरा गिअर, तिसरा. तिने पाय दाबला. गाडीने श्वास घेतला, आणि मग जे ढकललं ते तिला आठवतही नव्हतं इतकं भरगच्च होतं. महिनाभर, कदाचित त्याहून आधीपासून, गाडी तिला अर्ध्या छातीने ओढत होती आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. दोघांच्या पाठी आसनांना चिकटल्या. जुनी शिट्टी, टर्बोची, मूळची, खुशीत वाजली. तिच्यावर काहीच बसलेलं नव्हतं. तिने पाय उचलला, पुन्हा दाबला. काही नाही. नुसतं स्वच्छ, खोल ओढणं. माथ्यावर पोचल्यावर तिने गाडी हलकी सोडली, आणि त्या हलकेपणात, उजवीकडे, तिच्या स्वतःच्या आवाजाने सूर धरला. तो राहणार होता. राहू दे बापडा. घरचाच होता.

“गेला?” नवऱ्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. आता तो नाही, हेही त्याला ऐकू येण्यासारखं नव्हतं. आणि तरी तो तिच्याकडे वळून, नाकाला काजळी लागलेली, खरोखर उत्तराची वाट बघत होता.

“गेला,” ती म्हणाली. “पण गाडी—”

तो फोन काढून मोकळा झाला होता. “हां, ऐक,” तो भावाला म्हणाला. “उद्या त्या तुझ्या ऑफिसातल्याला आणू नकोस. नाही, द्यायची नाही गाडी. अरे, चीर होती. कुठे म्हणजे? गाडीत!” पलीकडून दीर बरंच काही बोलले असावेत, कारण तो मान हलवू लागला आणि मग एकदम थांबला. “मला काय विचारतोस? मला तेव्हाही ऐकू येत नव्हतं, आताही येत नाही. ती म्हणते आवाज होता, तर होता. ती म्हणते गेला, तर गेला. तू ये उद्या, नुसता जेवायला.”

उतार संपला. घराकडे परतायचं वळण उजवीकडे होतं. ती डावीकडे वळली, पुलाखालून गाडी फिरवून तिने ती पुन्हा चढाला लावली, आणि नवऱ्याने, फोन अजून कानालाच होता, दुसऱ्या हाताने दारावरचं हँडल घट्ट धरलं.